बंद शे का?

आमच्या शेजारचे सुकलाल नाना पंखा लावण्याआधी आरोळी मारतात. नुसता पंखाच नाही; मिक्सर, इस्त्री, टीव्ही, पाण्याची मोटर, ज्याला म्हणून बटण आहे त्या प्रत्येक वस्तूच्या आधी. बटणावर बोट ठेवायचं, मान दाराकडे वळवायची आणि पोटातून आवाज काढायचा, "चालू करू काऽऽ?" एवढ्यानं भागत नाही. कुणीतरी "करा" म्हणायला लागतं. उत्तर येईपर्यंत बोट बटणावर तसंच. मग दुसरी आरोळी, मग तिसरी. अमळनेरच्या मे महिन्यात घामानं निथळणारा माणूस पंख्याखाली उभा राहून पंखा लावायची परवानगी मागतोय, हे दृश्य मी इतकी वर्षं बघितलंय की आता माझ्या घरातलं बटण दाबतानाही माझा हात क्षणभर थबकतो.

उत्तर द्यायचं काम आधी अक्कांकडे होतं. अक्का म्हणजे नानांची बायको. स्वयंपाकघरात, न्हाणीत, देवापुढे, जिथे असतील तिथून त्या "करा" म्हणायच्या, आणि कधी वैतागल्याचं मला आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे पार गेले. रेखा, त्यांची एकुलती एक लेक, धुळ्याला असते. ती चार महिन्यांसाठी म्हणून अक्कांना घेऊन गेली आणि अक्का तिथल्याच झाल्या. तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आलं. आमच्या दोन घरांत भिंत एकच, तीही वरून उघडी, तेव्हा सबब सांगायला जागा नव्हती. तोंडात ब्रश असताना, पोळी तव्यावर असताना, मी "करा, नाना" म्हणत आले. एकदा आमचे प्राचार्य फोनवर विचारत होते, उन्हामुळे उद्या सुट्टी जाहीर करावी का. तेवढ्यात नानांची आरोळी आली आणि मी भिंतीकडे तोंड करून "करा" म्हटलं. कॉलेजला सुट्टी मिळाली. मी त्या कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, माझं म्हणणं प्राचार्यांनी ऐकल्याची ती एकच वेळ.

आमचे हे एकदा गमतीनं "नका करू" म्हणाले. नानांनी नाही केलं. तासाभरानं मी बाजारातून आले, तर नाना ओट्यावर बसून टॉवेलनं वारा घेत होते. पंख्याचं विचारलं तर म्हणाले, "दादानी नही सांगं ना." आमच्या ह्यांना त्या दिवशी चहा मिळाला नाही.

नानांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपाच्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हा धंदा. बोलावलं तर विहिरीवर जाऊनही दुरुस्ती करायचे. अट एकच. कामाला हात लावायच्या आधी नाना फ्यूज उपसून शेतकऱ्याच्या हातात देत आणि काम संपेपर्यंत त्यानं तो मुठीत धरून समोर बसायचं. तंबाखू मळायची झाली तरी फ्यूज खाली ठेवायचा नाही. एका गावचे सरपंच असे अख्खी दुपार मूठ आवळून बांधावर बसले होते, असं नाना सांगत. सांगताना हसत नसत.

आणखी एक गोष्ट गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. नानांना "बंद आहे का?" असं विचारायचं नाही. ते उत्तर देत नाहीत. उठतात, जातात, फ्यूज काढतात आणि आणून तुमच्या हातावर ठेवतात. मी इथं नवी असताना विचारलं होतं, "नाना, टाकीची मोटर बंद आहे का?" पाच मिनिटांत माझ्या हातात पांढराशुभ्र चिनी मातीचा फ्यूज. काय करावं ते न कळून मी तो फ्रिजवर ठेवला आणि विसरले. दुसऱ्या दिवशी चार घरांना पाणी नव्हतं.

जगात नानांचा एकच शत्रू, ऑटो. आमच्याकडे शेतातली लाईट आपल्या सवडीनं येते. ती आली की मोटर आपली आपण सुरू व्हावी म्हणून पंपाला एक डबी बसवतात, तिला ऑटो म्हणतात. बठ्ठा खान्देश ऑटोवर चालतो, पण नानांनी गिऱ्हाइकाला तो कधी बसवून दिला नाही. "ऑटो म्हंजे बेइमान," म्हणायचे, "इचारत नही."

म्हणूनच ते धुळ्याला राहू शकले नाहीत. रेखानं तेव्हा अक्कांबरोबर नानांनाही नेलं होतं. तिच्या घरी लाईट गेली की इन्व्हर्टर विचारत नाही, टाकी भरली की मोटर विचारत नाही, आणि जिन्यात माणूस दिसला की दिवा लागतो. नाना पायरीवर पाय ठेवायचे, दिवा लागायचा, नाना पाय मागे घ्यायचे. असं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत आले. अक्का गॅलरीत उभ्या होत्या, म्हणाली रेखा. नानांनी वर बघितलं नाही.

मग रेखानं कॉम्प्युटर पाठवला. माझं ऑफिस तेव्हा सकाळचं होतं; रोज दुपारी चार वाजता नाना भिंतीपलीकडून विचारायचे, मी किंवा आमचे हे "करा" म्हणायचो, आणि थोड्या वेळानं पडद्यावर अक्का यायच्या. बोलणं फारसं नसायचं. "जेवले का?" "जेवनू. तू?" "हा." मग अक्का मेथी निवडायच्या आणि नाना बघत बसायचे. अर्ध्या तासानं अक्का म्हणायच्या, "बंद करा आता." तेव्हा नाना बंद करायचे, भिंतीतली पिन काढायचे, ती हातात धरून एकदा बघायचे आणि मग खुंटीला अडकवून ठेवायचे. ही माझी करमणूक होती. मी हे कॉलेजात रंगवून सांगायची आणि सगळे हसायचे. आता सांगवत नाही.

अडचण लाईट गेली की व्हायची. इंटरनेट जाई, अक्का मेथीसकट नाहीशा होत, आणि "बंद करा" म्हणायला कोणी उरत नसे. कॉम्प्युटरखाली बॅटरीचा डबा होता, यूपीएस. तो टीं टीं करत राही आणि नाना त्याच्यासमोर उत्तराची वाट बघत बसत. बॅटरी संपली की मशीन धाडकन मरे. अशानं दोनदा मशीन बिघडलं. दोन्ही वेळा दुरुस्तीला पंधरा-पंधरा दिवस गेले, आणि त्या दिवसांत नाना चार वाजता नुसतेच कॉम्प्युटरच्या रिकाम्या टेबलासमोर बसलेले मी पाहिलेत.

रेखाचा फोन आला. म्हणाली, ताई, लाईट गेली की आपोआप बंद होईल असं करून द्या, तो टीं टीं आवाज पण घालवा, आणि नानांना सांगू नका. मी ऑफिसात टायपिंग करते म्हणून गल्लीत मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. मलाही ते आवडतं. नाना दळण टाकायला गेले तेवढ्यात मी सेटिंगमध्ये शिरले. यूपीएसचा आवाज घालवला. बॅटरी उतरली की मशीन आपणहून बंद होईल असं केलं. आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी स्वतःची अक्कल चालवून एक खूण जास्तीची केली, पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही तर मशीन झोपेल. आमच्या ऑफिसात सगळी मशीनं झोपतात. माणसंही.

मे महिन्यात वावटळी सुटतात, घरात बोटभर धूळ येते. एका रविवारी दुपारी नानांनी मला हाक मारली. आदल्या दिवशी लाईट गेली होती, अक्का "बंद करा" म्हणायच्या आधीच नाहीशा झाल्या होत्या आणि थोड्या वेळानं पडदा काळा झाला होता. त्यांना कॉम्प्युटरच्या डब्यातली धूळ काढायची होती. बाजूचं झाकण काढून ठेवलेलं, हातात मोटरी साफ करायचा जुना ब्रश, दुसऱ्या हातात भिंतीतली पिन. पडदा काळा. यूपीएसकडे मान करून मला म्हणाले, "ताई, या डब्बाना भरोसा नही, त्यामा बॅटरी शे. तू सांग. बंद शे का?"

माझी कुकरची शिट्टी व्हायची होती. मी दारातूनच पडद्याकडे बघितलं आणि म्हटलं, "बंद आहे, नाना."

नानांनी हात आत घातला. कोपर माऊसला लागलं. पडदा उजळला आणि आतला पंखा गर्रकन फिरला.

लागलं काहीच नाही, खरं तर. बोटाच्या टोकाला रक्ताचा एक थेंब आला. पण नाना मागे सरकले ते भिंतीला टेकेपर्यंत, आणि हातातल्या पिनेकडे बघत राहिले. पिन हातात आणि मशीन चालू. मी घाईघाईनं समजावत होते, की नाना, ते झोपलं होतं, झोपलं की पडदा काळा होतो, बॅटरीवर थोडं जागं राहतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "जपेल व्हतं. बंद नव्हतं." अहिराणीत झोपण्याला जपणं म्हणतात. मग ते उठून ओट्यावर जाऊन बसले.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आरोळी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी उगीच दोनदा मोठ्यानं "करा, नाना" म्हणून पाहिलं. पंखा नाही, टीव्ही नाही, चार वाजता कॉम्प्युटर नाही. रेखाचा फोन आला, अक्का पडद्यासमोर बसून आहेत म्हणाली. बाहेर असं ऊन की पत्रे कडकड वाजत होते, आणि तो माणूस दोन दिवस एक बटण न दाबता बसला होता. माझ्यामुळे. तिसऱ्या दिवशी मी पोळीभाजी घेऊन गेले. म्हटलं, नाना, मला बोला, शिव्या घाला, पण पंखा लावा.

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मग त्यांनी मला हिरामणचं सांगितलं. अमळनेरात इतकी वर्षं त्यांच्या शेजारी काढली, पण त्यांना धाकटा भाऊ होता हे मला ठाऊक नव्हतं.

बोरी नदीच्या काठाला त्यांचं शेत होतं. नाना नुकतेच भुसावळला राहून मोटरीचं काम शिकून आले होते. त्यांनी स्वतः जोडणी करून आपल्या पंपाला ऑटो बसवला. गावातला पहिला. लोक बघायला यायचे. पंप विहिरीत निम्म्यावर, दगडी खाचेत बसवलेला. एक दिवस तो पाणी ओढेना म्हणून हिरामण दुरुस्तीला खाली उतरला. नाना वर, स्टार्टरपाशी. सकाळपासून लाईट नव्हती, रोज संध्याकाळी यायची.

"त्यानी खालथून इचारं," नाना म्हणाले, "भाऊ, बंद शे का? मी सांगं, बंद शे. लाईट गयेल व्हती ना, ताई. माले वाटनं बंदच शे. गयेल आनि बंद करेल, यामा फरक शे. मी फ्यूज काढा नही. लाईट त्या दिन दुपारलेच उनी."

लाईट दुपारीच आली होती, हिरामण खालीच होता आणि ऑटोनं विचारलं नव्हतं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आरोळीचा, मुठीतल्या फ्यूजचा, ऑटोचा, त्या न दिलेल्या उत्तराचा अर्थ मला तेव्हा एकदम लागला आणि मी कॉलेजात सांगितलेले सगळे विनोद आठवून मला माझीच शरम वाटली. आयुष्यात एकदा ते "बंद शे" म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी फक्त विचारायचं काम ठेवलं, सांगायचं काम दुसऱ्याला दिलं. आणि मी कुकरच्या शिट्टीच्या घाईत तेच उत्तर त्यांना दिलं होतं.

म्हटलं, "नाना, मीही न बघताच बंद आहे म्हटलं."

"तुले माहीत नव्हतं," ते म्हणाले. "ऑटो मी बसाडेल व्हता."

मी तिथंच ओट्यावर बसून रडले. नानांनीच मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या सरांना गाठलं आणि जे हवं ते नीट विचारून घेतलं. या वेळी सगळं नानांच्या समोर केलं, एकेक गोष्ट त्यांना सांगून. झोप काढून टाकली, एकतर चालू नाहीतर बंद. लाईट परत आली की मशीन स्वतःहून सुरू होऊ शकतं, तीही सोय बंद केली. यूपीएसचा आवाज परत आणला. आणि सरांनी लिहून दिलेली एक छोटी सूचना घातली. लाईट गेली की पडद्यावर मोठ्या अक्षरांत येईल: नाना, लाईट गेली आहे. बंद करू का? खाली एकच बटण, हो.

पिन काढून मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी प्रत्येक अक्षराखाली बोट फिरवत वाचलं.

"हाई कोन इचारस?"

"मशीन विचारतंय."

"माले?"

"तुम्हालाच. तुम्ही नाही सांगितलं तर दहा मिनिटं थांबेल आणि मग बंद होईल. पण आधी विचारेल."

नाना पडद्याकडे बघत राहिले. हो दाबायला त्यांचा हात काही उचलला नाही. दहा मिनिटं आम्ही दोघं तसेच बसलो. मशीन बंद झालं. "इचारस तरी," ते म्हणाले. चार वाजता भिंतीपलीकडून आरोळी आली. मी जे "करा" म्हटलं ते पलीकडच्या गल्लीत गेलं असेल.

जूनमध्ये माझी बदली झाली. आमच्याच संस्थेचं जळगावला दुसरं कॉलेज आहे, तिथं. टेम्पोत सामान चढत होतं आणि माझ्या डोक्यात एकच, आता ह्यांना "करा" कोण म्हणणार? आमच्या घरात नवे भाडेकरू यायला अवकाश होता. मी नानांच्या मोबाइलवर माझा नंबर पहिल्या बटणावर लावून दिला. टेम्पोचं दार त्यांनीच लावलं. मग म्हणाले, "तुले काम ऱ्हाई ना, ताई." मी म्हटलं, करा हो फोन.

तेव्हापासून मला जळगावला फोन येतो. सकाळी पंख्यासाठी, दुपारी चारला कॉम्प्युटरसाठी, संध्याकाळी मोटरीसाठी. "ताई, चालू करू का?" "करा, नाना." इथल्या ऑफिसातही आता सगळ्यांना माहीत झालंय. मी खिडकीवर कामात असले तर शेजारचे लिपिक माझा फोन उचलून "करा, नाना" म्हणतात आणि ठेवतात. कुणी हसत नाही. मी त्यांना हिरामणचं सांगितलंय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी साडेचारच्या सुमारास फोन आला. ही वेळ ठरलेली नव्हती. खिडकीसमोर प्रवेशाची रांग होती. नाना धापा टाकत बोलत होते. अक्का पुरणाची डाळ निवडत होत्या आणि लाईट गेली, अक्का गेल्या, मशीन विचारू लागलं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग मी हो दाबं."

मी खुर्चीत नीट बसले. आणि काय बोलतेय याचं भान न राहता माझ्या तोंडून निघून गेलं, "मग बंद आहे का?"

पलीकडे आवाज थांबला. मी जीभ चावली. एवढी वर्षं पाळलेली गोष्ट मी फोनवर विसरले होते. समोर असते तर ते उठले असते, पिन काढून माझ्या हातावर ठेवली असती आणि विषय संपला असता. पण अमळनेरहून जळगावला पिन देता येत नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, वाकताना गुडघा वाजला, भिंतीतून काहीतरी ओढल्यासारखं झालं. मग लाईट गेल्यापासून चाललेलं डब्याचं टीं टीं, त्याचंही बटण दाबल्यावर, थांबलं.

"पिन मना हातमा शे," नाना म्हणाले. "डब्बाबी मी बंद करा. पडदावर हात ठी देखा. पंखाना आवाज नही." मग अगदी हळू, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसं म्हणाले, "बंद शे."

रांगेतली एक मुलगी अर्ज पुढे करून माझ्याकडे बघत होती.

"ताई," नानांनी विचारलं, "बराबर सांगं ना मी?"

"बरोबर सांगितलं, नाना," मी म्हटलं. "अगदी बरोबर सांगितलं."

ते बरं म्हणाले, पण फोन ठेवला नाही. लाईट येईपर्यंत आम्ही दोघं तसेच फोन धरून बसलो होतो, आणि त्या मुलीचा अर्ज शेजारच्या लिपिकांनी घेतला.